अण्णांच्या लॅपटॉपमधले देव

माझ्या हातून आमच्या घराण्याचे एकतीस देव पुसले गेले. हे काम मी बुधवारी, माझ्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, पूर्ण शुद्धीत केलं. मला कोणी ते करायला सांगितलं नव्हतं. उलट घरातल्या तीन माणसांनी नको म्हटलं होतं, आणि घरात माझ्याखेरीज तीनच माणसं आहेत.

देव वडिलांच्या लॅपटॉपमध्ये राहत होते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय एकोणऐंशी, मुक्काम नाहूर, तिसरा मजला. मूळ गाव मालवणच्या बाजूचं. गिरणीतली नोकरी गिरणीबरोबर गेली, पुढे भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी टाइम ऑफिसमध्ये कारकुनी केली. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणाले, म्हणून तेरा वर्षांपूर्वी मी त्यांना हा लॅपटॉप घेऊन दिला. आता तो सुरू व्हायला एकोणीस मिनिटं लागत. (मी घड्याळ लावून मोजली होती.) अण्णा बटण दाबून आंघोळीला जात. आंघोळ, कपाळाला गंध, चहा आणि शेजाऱ्यांशी पाण्याच्या टाकीबद्दल थोडं भांडण, एवढं आटोपलं की यंत्र तयार असे. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही शुभकार्य असलं की भावकीतला सर्वांत वडीलधारा पुरुष नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाशी मोठ्याने बोलतो. गावातल्या सगळ्या देवांची, जागेवाल्यांची म्हणजे जागोजागच्या राखणदारांची, आणि पूर्वजांची नावं क्रमाने घ्यायची, घरात काय चाललंय ते सांगायचं, काय हवंय ते मागायचं. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एका आवाजात ‘व्हय महाराजा!’ म्हणायचं. एखादं नाव राहिलं तर तो देव रुसतो. क्रम चुकला तर दोन देव रुसतात. अण्णा हे सगळं गावच्या बाळादादांकडून शिकले. बाळादादा वारले, तेव्हापासून मुंबईतलं आणि गावातलं दोन्हीकडचं गाऱ्हाणं अण्णांकडे आलं.

मी पंचवीस वर्षं त्यांच्या मागे उभा राहून ‘व्हय महाराजा’ म्हणतो आहे. गेली बरीच वर्षं गाऱ्हाण्याच्या वेळी देवापुढे एक स्टूल आणि स्टुलावर लॅपटॉप असतो, हेही मी पाहिलं होतं. दुबईच्या माझ्या चुलतभावाला, विलासला, घरबसल्या दर्शन घडावं म्हणून तो तिथे ठेवतात, अशी माझी समजूत होती. ही समजूत मी कधी पडताळून पाहिली नाही. (चोवीस वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांनी लिहिलेलं पडताळून पाहण्याचा पगार घेतो.) लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकवाचा डाग होता आणि की-बोर्डच्या फटींत उदबत्तीची राख साचली होती. त्यावरूनही मला काही सुचलं नाही.

माझ्या मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, तर गाऱ्हाणं आलंच. रविवारी भावकी आमच्याकडे जमणार होती. एवढ्या पाहुण्यांसमोर एकोणीस मिनिटं काळा पडदा बघत बसायचं, आणि तिकडे विलास ताटकळणार, हे मला बरं दिसेना. बुधवारी मी जाहीर केलं, की लॅपटॉपमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणार.

अण्णा मालवणीत म्हणाले, “कित्याक रे? चलता मा तो!”

“अण्णा, एकोणीस मिनिटं लागतात.”

“लागांदेत. माका खंय एस्टी पकडूची आसा?”

माझी बायको वर्षा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लग्न तोंडावर आलंय, मंडपवाल्याला फोन कर. बंद पडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात तुझे, आणि हे तर चालूय!”

“चालू नाहीये, रांगतंय.”

“मागे मिक्सर रांगत होता. तू हात लावलास आणि झोपला तो कायमचा.”

मिक्सरचा विषय निघाला की मी तो सोडून देतो. मी अण्णांकडे वळलो आणि व्यवस्थित, अधिकृत प्रश्न विचारला. “अण्णा, तुमचं महत्त्वाचं असं काय आहे त्यात? ते आधी बाजूला काढून ठेवतो.”

अण्णांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “माजा काय नाय तेच्यात. सगळा देवाचा आसा.”

हे मी वैराग्य समजलो.

एकोणऐंशीव्या वर्षी माणसाने असं बोलावं, हे मला शोभून दिसलं. मी मनात त्यांना हातही जोडले. त्यांनी माझ्या प्रश्नाचं नेमकं, मुद्देसूद उत्तर दिलं होतं, हे कळायला मला अठरा तास लागले.

माझी पद्धत अशी, की जुनं पुसण्याआधी सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि एकेक फाइल माझ्या स्वतःच्या, नव्या लॅपटॉपवर उघडून बघायची. घाईगर्दीत काम करणारे लोक हे करत नाहीत. मी केलं. फोटो उघडले, सगळे ठीक. विजेची बिलं, पेन्शनचे कागद, सोसायटीला लिहिलेली इंग्रजी पत्रं, सगळी ठीक. मग ‘न्यू वन’ ते ‘न्यू फोर्टीन’ अशा नावाच्या चौदा फाइली आल्या. पहिली उघडली. आत हे होतं:

¤ÉÉ näù´ÉÉ ¨É½þÉ®úÉVÉÉ

आणि असंच पुढे, पानंच्या पानं. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. मी बारकाईने पाहिलं. प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर चिन्हांचा एकच ठरावीक गठ्ठा पुन्हा पुन्हा येत होता. अक्षरशः शेकडो वेळा! शेवटी उद्गारचिन्ह. माझी खात्री पटली. माणूस इतक्या वेळा तेच ते लिहीत नाही. हे व्हायरसचं काम.

सायली खांद्यावरून डोकावली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, कॉम्प्युटरशी तिचा काही संबंध नाही. ती म्हणाली, “बाबा, हे फॉन्टचं असेल का? अण्णाआजोबांच्या लॅपटॉपवर उघडून बघ ना.”

“तो सुरू व्हायला एकोणीस मिनिटं घेतो.”

“मग घे ना एकोणीस मिनिटं.”

“सायली, मी चोवीस वर्षं डेस्कवर आहे. फॉन्टचा प्रॉब्लेम कसा दिसतो ते मला माहितीये.”

हे वाक्य मी माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून इथे नोंदवतो. कारण वस्तुस्थिती अशी आहे: पूर्वीचे मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे असत. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा चेहरा. तो फॉन्ट ज्या यंत्रात नसेल तिथे चेहरा गळून पडतो आणि चिन्हं उघडी पडतात. आमच्या वर्तमानपत्राचा स्वतःचा असा एक फॉन्ट होता. मी त्यात अनेक वर्षं मजकूर लावला. पुढे आम्ही युनिकोडवर गेलो, तो फॉन्ट कोणाकडेच उरला नाही, आणि त्याची आठवण माझ्या डोक्यातून साफ गेली. अण्णांच्या लॅपटॉपवर तो कोणी टाकला होता? मीच. तेरा वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, “माका मराठीत थोडा लिहूचा आसा.” मी पाच मिनिटांत फॉन्ट टाकून दिला आणि ऑफिसला गेलो. काय लिहायचंय, ते विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या तेरा वर्षांतही नाही.

तर चौदाही फाइली मी काढून टाकल्या. विषाणू मागे राहू नये म्हणून पेनड्राइव्ह पुसून स्वच्छ केला. मग अण्णांचा लॅपटॉप. तिथे यंत्र विचारतं, वरवर पुसू की मुळापासून? वरवरचं काम मला आवडत नाही. मी मुळापासून पुसलं. ते झाल्यावर नवी सिस्टीम टाकली, फोटो आणि बिलं परत ठेवली, झाकणावरचा हळदकुंकवाचा डागसुद्धा ओल्या फडक्याने पुसून काढला!

संध्याकाळी यंत्र एक्केचाळीस सेकंदांत सुरू झालं. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दोनदा बंद-चालू करून दाखवलं. वर्षा म्हणाली, “झकास. आता मंडपवाला?” अण्णांनी झाकणावरून हात फिरवला, डाग शोधला, तो मिळाला नाही, आणि म्हणाले, “बरा झाला.”

गुरुवारी सकाळी त्यांनी सवयीने बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. ते परत येईपर्यंत पडदा वाट बघून काळा झाला होता. त्यांनी एक कळ दाबली. मी दाढी करत होतो. बाहेरून आवाज आला.

“अनंता.”

“काय अण्णा?”

“माजे देव खंय गेले रे?”

मला वाटलं, देव्हाऱ्याबद्दल बोलतायत. “वर्षाने घासायला घेतले असतील.”

“देव्हाऱ्यातले नाय. हयले. न्यू वन, न्यू टू. चवदा होते.”

मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो. “अण्णा, त्या फाइली खराब झाल्या होत्या. व्हायरस होता त्यांत. मी उघडून बघितल्या ना, एकेक. सगळी चिन्हं! आणि दर दोन ओळींनी तेच तेच, तेच तेच…”

अण्णांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला.

“तो व्हायरस नाय होतो रे,” ते म्हणाले. “ता ‘व्हय महाराजा’ होता.”

आतून वर्षाचा आवाज आला, “काय झालं?” अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. पंच्याची चौकोनी घडी घातली आणि बाल्कनीत जाऊन बसले. मग मला तुकड्यातुकड्याने कळलं. बाळादादा गेल्यावर अण्णांच्या लक्षात आलं होतं, की आपल्याला नावं विसरायला होतात. एखाद्या वेळी पिंपळावरचा देव राहतो, एखाद्या वेळी खापरपणज्याचं नाव. म्हणून त्यांनी आठवेल तसं टाइप करून ठेवायला सुरुवात केली. एका बोटाने. काही नाव आठवलं, की उठून लिहायचं. जागेवाले, पूर्वज, कोण कुठल्या सड्यावर म्हणजे गावाबाहेरच्या कातळावर, कोणाला नारळ, कोणाला नुसतं पान-सुपारी. एकतीस जागा, तेरा वर्षं. एकदा लिहून झालं, तसं त्यांनी ते डोक्यात ठेवणं सोडून दिलं.

“छापून का नाही ठेवलंत कधी?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“गेल्लंय मा छापूक. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे. तेच्या मशिनीतसून सगळी पाखरां-किडे भायर इले. तो म्हणालो, फाइल खराब आसा. मी म्हटलंय, फाइल बरी आसा, तुजा मशीन मराठी नाय.” मग म्हणाले, “माका वाटला, तुका तरी कळात.”

शुक्रवारी मी लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन घाटकोपरला गेलो. तिथे पुसलेला मजकूर परत मिळवून देणारं एक दुकान आहे. टेबलामागे पन्नाशीच्या बाई होत्या, डोळ्यांवर भिंग चढवलेलं, समोर उघडी पडलेली चार यंत्रं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“क्विक फॉरमॅट मारलं की फुल?”

“फुल.”

“पेनड्राइव्ह?”

“तोपण फुल.”

त्यांनी भिंग डोळ्यांवरून वर सरकवलं. “कोणी केलं हे?”

“मी.”

“नाही म्हणजे… एवढं चांगलं पुसलेलं मी फार कमी बघते. लोक घाईत क्विक करतात, मग आम्ही काढून देतो. आमचा धंदा त्यावरच चालतो.” तरी त्यांनी दोन्ही यंत्रं तास-दीड तास तपासली. हाती काही लागलं नाही. “काय होतं त्यात?”

“देव,” मी म्हणालो.

बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी निघालो, तेव्हा मागच्या भिंतीवरच्या गणपतीला त्या हात जोडत होत्या.

घरी आलो तर अण्णा वही घेऊन बसले होते. वहीत नऊ नावं होती. दहाव्याला पेन अडलं होतं.

“तू तरी सांग,” ते म्हणाले. “पंचवीस वर्सा थंय उभो आसतंस तू. सातेरीनंतर कोण?”

मी डोळे मिटले. मला देवघर दिसलं, नारळ दिसला, अण्णांची पाठ दिसली, त्यांच्या सदऱ्याची उसवलेली शिवण दिसली. एका वर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी क्रिकेटचा कुठला सामना चालू होता आणि कितीवर किती बाद होते, ते आठवलं. सातेरीनंतर कोण, ते आठवलं नाही. सातेरीआधी कोण, तेही नाही. माझ्या कानावरून हे सगळं पन्नासएक वेळा गेलं असेल. मंत्र्यांच्या तासभराच्या भाषणातली चूक मी दुसऱ्या दिवशी सांगू शकतो.

मग मी फोन लावायला बसलो. भावकीतल्या अकरा जणांना केले. अकराही जण इतकी वर्षं भक्तिभावाने हजर होते आणि अकराही जणांना गाऱ्हाण्यातलं एकच वाक्य पाठ होतं. ते कुठलं, हे सांगायची गरज नाही. बोरीवलीचा चुलतभाऊ म्हणाला, “अरे, अण्णा बोलतात ना, मग आपण कशाला ऐकायचं?” दुबईहून विलास म्हणाला, “मी तर म्यूटवर असतो यार. आणि तो लॅपटॉप माझ्यासाठी नसतो, मला वैनी फोनवरून दाखवते. लॅपटॉपची नेहमी पाठच दिसते मला. मला वाटायचं, त्याचीपण पूजा असते!”

शनिवारी वाकोल्याहून सुलूआत्या आली. अण्णांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. आल्या आल्या तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“ह्योच काय तो? ज्येणा देव पुसले?”

“आत्या, चूक झाली.”

“चूक? इंग्रजांका जमूक नाय ता तू केलंस! एका दुपारी!” ती खुर्चीत टेकली. “माका कित्याक इचारूक नाय कोणी?”

खरंच, तिला कोणी विचारलं नव्हतं. गाऱ्हाणं पुरुष घालतात, ‘व्हय महाराजा’चा जाबही पुरुषच देतात. अकरा फोनांमध्ये एकही फोन बाईला नव्हता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

“आमी मागे चुलीकडे,” आत्या म्हणाली. “आमका ‘व्हय महाराजा’ म्हणूक देयत नाय होते. मग आमी काय करतलो? आयकत होतो!”

आणि तिने सुरुवात केली. पीठ चाळावं तशा लयीत एकामागून एक नावं येऊ लागली. अण्णा खुर्चीच्या कडेवर सरकले. मी लिहीत होतो. वर्षा आणि सायली स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. चौदा, पंधरा, अठरा. एकविसाव्याला भाऊ-बहिणीचं वाजलं.

“पिंपळावयलो आधी,” अण्णा म्हणाले.

“आडावयलो आधी! बाळादादा आड म्हणालो की खोकत असे, मग पिंपळ. खोकलो मदी होतो, माका पक्को आठवता.”

“खोकलो पिंपळाच्या आधी?”

“आडाच्या मागून!”

मी विचारलं, “खोकल्याची नोंद करू का?” दोघांनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेन खाली ठेवलं.

दुपार कलेपर्यंत सत्तावीस झाली. चार उरली. अण्णा सांगत होते, की ती गावच्या सड्याकडची, अगदी जुनी, ज्यांची आता देवळंही नाहीत, नुसते दगड. बाळादादांनी ती शेवटच्या आजारपणात अण्णांना फोनवर सांगितली होती, आणि तोवर आत्याचं माहेरच्या गाऱ्हाण्याला येणं सुटलं होतं, म्हणून तिच्या कानावर ती कधी पडलीच नव्हती. ती नावं जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती. अण्णा बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. एकदा “ब” म्हणाले. आम्ही सगळे पुढे झुकलो. त्यांनी मान हलवली. “नाय,” म्हणाले. “ता गेला.”

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “माजी कित्याक मागतंस? माका काय झाला?” मग थोड्या वेळाने, “चार जण थंय दगडात बसान वाट बघतले. लगीन आसा आणि नातीची पत्रिका येवक नाय म्हणान.”

सायली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर तसाच होता. त्या संध्याकाळी मंडपवाल्याचा फोन आला, तो मी उचलला नाही.

रविवारी भावकी जमली. सतरा माणसं, एक नारळ, वर्षाच्या फोनमध्ये दुबई. स्टूल होतं, त्यावर लॅपटॉप नव्हता. अण्णांच्या हातात वहीसुद्धा नव्हती. वाचायला लागलो तर अडखळेन, म्हणाले. त्यांनी आत्याला बोलावून आपल्या शेजारी उभं केलं. बोरीवलीच्या चुलतभावाच्या भुवया वर गेल्या. आत्याने त्या पाहिल्या आणि म्हणाली, “तुका येता काय? मग वायच सरक.” तो सरकला. मी या खेपेला मागे भिंतीशी वही घेऊन बसलो होतो, शिवाय फोनवर ध्वनिमुद्रण चालू होतं.

“बा देवा महाराजा!” अण्णांचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग लागला. “आज ही तुझी लेकरां नारळ ठेवन तुका गाराणा घालतत, ता मान्य करून घे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

नावं सुरू झाली. अण्णा अडले, की आत्या ओठ न हलवल्यासारखं करून पुढचं नाव सोडत होती. आडावयलो आधी आला. (अण्णांनी त्यानंतर किंचित खोकून घेतलं.) सायलीचं लग्न निर्विघ्न पार पाड, दोन्ही घरांत गोडी राहू दे, सुलूच्या गुडघ्याकडे बघ. मी प्रथमच ऐकत होतो. ते प्रत्येकासाठी काही ना काही मागत होते. वर्षासाठी मागितलं, की हिच्या हाताला थोडी विश्रांती दे. विलाससाठी, की तो परत येऊ दे. पंचवीस वर्षं हे असं मागत आले असणार, आणि ज्यांच्यासाठी मागितलं त्यांतल्या कोणाला पत्ता नव्हता.

सत्तावीस झाले. अण्णा थांबले. आत्याही थांबली.

“आणि महाराजा,” अण्णा म्हणाले, “तुमच्यातले चौघे आज आमच्या तोंडात येवक नाय. तेंची नावां आमका ठाऊक नाय, तुमका ठाऊक आसत. तुमी एकमेकांका सांगा. पत्रिका तेंचीय आसा. तेंका हात धरून घेवन येवा रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” हे फार हळू झालं. कोणीतरी नाक ओढलं.

आता संपलं, असं मला वाटलं. पण अण्णांनी श्वास घेतला.

“आणि हो माजो झील, अनंतो. शिकान-सवरान, डोळ्यार चष्मो लावन, ह्येणा मशीन पुसल्यान आणि मशिनीबरोबर तुमकाय पुसल्यान. मुद्दाम करूक नाय. अक्कल कमी पडली म्हणान केल्यान. तेका पदरात घेवा, आणि जमला तर थोडी अक्कल देवा रे महाराजा!”

“व्हय महाराजा!!”

इतका खणखणीत जाब आमच्या घराण्यात कधी झाला नसेल. खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. सर्वांत मोठा आवाज वर्षाचा होता. दुबईने त्या एका वाक्यासाठी म्यूट काढला होता.

जेवणं झाल्यावर मी लगेच लॅपटॉप घेऊन बसलो. एक्केचाळीस सेकंदांत तो सुरू झाला. ध्वनिमुद्रण ऐकत सगळं गाऱ्हाणं युनिकोडमध्ये शब्दशः उतरवलं. अण्णा आणि आत्या दोन्ही बाजूंना बसून तपासत होते. शेवटाकडे आलो तेव्हा मी नम्रपणे सुचवलं, की माझ्याबद्दलचा मजकूर प्रासंगिक आहे, या वर्षापुरता होता, तो इथे नसला तरी चालेल.

“नाय,” अण्णा म्हणाले. “गाराण्यात घालूक गावता. काढूक गावणा नाय.”

“असा नियम आहे?”

“बाळादादान सांगितलला.”

आत्या म्हणाली, “माकाय आठवता.” हे तिला आठवत होतं की तिने तेव्हाच ठरवलं, ते मी पडताळून पाहिलं नाही.

तो मजकूर मी टाइप केला. शुद्धलेखन तपासलं. छापून सतरा प्रती काढल्या, भावकीत वाटल्या, शिवाय तीन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करून ठेवला. दुबईत एक प्रत आहे. कोणतंही यंत्र बिघडलं, कोणीही मुळापासून पुसलं, तरी आता त्यातला एक शब्द नाहीसा होणार नाही, याची मी जातीने खात्री केली आहे. सायलीची मुलं आणि त्यांची मुलं प्रत्येक लग्नात ते क्रमाने म्हणतील. त्यांना एवढंच सांगून ठेवतो, की माझ्या वेळेपासून आपल्या गाऱ्हाण्यात चार देव कमी आहेत आणि एक गाढव जास्त आहे.